ज्या बाळाला दुखवटा नाही

बुलढाणा जिल्ह्यातलं गाव मोताळ्याकडचं असो की लोणार-मेहकरकडचं, घरातलं मोठं माणूस गेलं की पुढे काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. मातीला गाव जमतं. त्या दिवशी घरची चूल पेटत नाही, भाकरी शेजारून येते. राख सावडली जाते, दहावा होतो, तेरवी होते. या दिवसांत बाया येतात, घरच्या बाईच्या गळ्यात पडून मोठ्याने रडतात आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याच्याबद्दल बोलत बसतात. पाहुणे दुखवटा घेऊन येतात. शेतातलं काम थांबतं किंवा भावकी ते उरकून देते. याच गावात तीन दिवसांचं बाळ गेलं तर यातलं जवळपास काहीच घडत नाही. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाप आणि दोन-तीन माणसं निघतात, खड्डा खणतात, बाळ पुरतात, परत येऊन अंघोळ करतात. आई तिथे गेलेली नसते. बारसं झालेलं नसतं, त्यामुळे रडताना घ्यायला नावही नसतं. दुसऱ्या दिवशी बाप कामावर दिसतो आणि आईला सगळे एकच सांगतात: रडू नको, अंगावर घेऊ नको, पुढचं होईल. यामागे दुष्टपणा नाही. दुःख बोललं तर वाढतं आणि झाकलं तर विझतं, अशी ती प्रामाणिक समजूत आहे. मात्र आजवर हाती आलेला पुरावा नेमका उलट दिशेला बोट दाखवतो. बाळ गेलेल्या आई-बापांना ज्या आधाराची गरज असते तो गावाकडे आधीपासून आहे. त्याला दुखवटा म्हणतात. बाळाच्या आई-बापांना आपण त्यातून वगळलं आहे, एवढंच.

हे दुःख किती घरांतलं आहे? नमुना नोंदणी पद्धतीच्या 2020 च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे 16 बाळं वर्षाच्या आत दगावली आणि त्यांतली 11 तर पहिल्या 28 दिवसांतच. म्हणजे साधारण नव्वद बाळंतपणांमागे एक आई महिन्याच्या आत रिकाम्या हाताने उरते. पोटातच किंवा जन्मताना गेलेली बाळं, ज्यांना सरकारी कागदावर उपजत मृत्यू म्हणतात, ती या हिशोबात नाहीत. जगभरात अशा उपजत मृत्यूंची संख्या वर्षाला वीस लाखांच्या आसपास आहे आणि देशवार पाहिलं तर भारताचा आकडा सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ही संख्या घटते आहे, आणि ती घटवण्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या प्रयोगाने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्याच धर्तीवर 2011 पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. या यशाला एक बाजू आहे जी सहसा बोलली जात नाही. आजीच्या काळात अंगणात बसलेल्या दहा बायांपैकी पाच-सहा जणींनी मूल पुरायला दिलेलं असे. कुणी काही बोललं नाही तरी समजणारी नजर आसपास असे. आज मूल गमावलेली सून आपल्या वयाच्या बायांत बहुधा एकटीच असते, आणि मृत्यू जितके दुर्मिळ होतील तितकी ती अधिक एकटी पडेल.

आजीच्या काळाचा विषय निघाला की पहिला आक्षेप येतो: पूर्वी इतकी मुलं जात, तेव्हा कुठे कुणी एवढं मनाला लावून घेत होतं? या प्रश्नावर मानववंशशास्त्रात मोठा वाद झालेला आहे. नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी 1992 साली ब्राझीलच्या एका दरिद्री वस्तीवरच्या पुस्तकात असं मांडलं की जिथे मुलांचं मरण रोजचं असतं तिथे आया बाळात जीव गुंतवायलाच उशीर करतात आणि ते गेल्यावर रडत नाहीत. योनिना आयनार्सदोत्तिर यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये राहून नेमकं विरुद्ध पाहिलं. तिथेही मुलं तितकीच जात होती, पण प्रत्येक बाळासाठी आया रडत होत्या, कितवंही असलं तरी. आपल्याला या वादाचा निकाल लावायला इतकं लांब जायची गरज नाही. वऱ्हाडातल्या जुन्या मतदारयाद्या चाळल्या तरी पुरे. उकर्डा, धोंडू, दगडू, भिका, केरबा ही नावं कुणी हौसेने ठेवलेली नाहीत. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून पुढचं उकिरड्यावर ठेवून उचललं, केरात लोळवलं, भिकाऱ्याच्या झोळीत घालून परत मागून घेतलं आणि त्याला असं नाव दिलं की मृत्यूची नजरच पडू नये. ज्या आईने दुःख विसरलं असतं तिने जगलेल्या मुलाला आयुष्यभर उकर्डा म्हणून हाक मारली नसती. दुःख होतंच. त्याला बोलायला वाट नव्हती म्हणून ते पुढच्या मुलाच्या नावात जाऊन बसलं. शेजारच्या छत्तीसगडमध्ये लिसा रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी उपजत मृत्यू सोसलेल्या बायांचा अभ्यास करून तो 2012 साली प्रसिद्ध केला. तिथेही हे दुःख खोल आणि टिकाऊ आढळलं, आणि ज्या बाईला आसपासच्यांचा आधार कमी तिला ते अधिक भारी जात असल्याचं दिसलं.

शिवाय मनाने विसरायचं ठरवलं तरी शरीर ऐकत नाही, आणि याबद्दल आई-बापांना आधी कुणी सांगत नाही. वार पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दुधाला अडवून ठेवणारा बांध सुटतो. बाळ जिवंत आहे की नाही याच्याशी शरीराला देणंघेणं नसतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरून येते, दगडासारखी कडक होते, ठणकते. पाचव्या महिन्यात गर्भ गेला तरी हे घडू शकतं. बाळ पुरून आल्यावर दोन दिवसांनी दूध उतरणं हा बाईला बसलेला दुसरा धक्का असतो, आणि तो ती बहुधा न्हाणीघरात एकटीने सोसते. घट्ट फडकं बांधणं हा घरगुती उपाय त्रास वाढवतो, कारण दाबाने गाठी होतात आणि पू होण्याची भीती असते. आधार देणारे पण न आवळणारे कपडे, गार पाण्याच्या पट्ट्या, ताण असह्य झाला तर सुटका वाटेल एवढंच दूध हाताने काढणं आणि साधी वेदनाशामक गोळी यांनी बहुतेकींचं दूध काही दिवसांत ओसरतं. दूध थांबवण्याची गोळीही असते, पण रक्तदाब वाढलेल्या बाईला ती धोक्याची ठरू शकते, म्हणून दुकानातून परस्पर आणू नये. छाती लाल होऊन ताप आला तर दवाखाना गाठायलाच हवा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बाळ गेलं तरी ती बाई बाळंतीणच असते. अंगावरून जास्त जाणं, झटके, ताप, वाढलेला रक्तदाब हे सगळे धोके तिला इतर कुठल्याही बाळंतिणीइतकेच असतात. तरीही शेक, डिंक, मेथी, विश्रांती हे सगळं जणू बाळासाठीच होतं अशा थाटात घरात एका दिवसात थांबतं.

यानंतर येतो दोष. ग्रहणात बाहेर आली, पपई खाल्ली, नको तिथे गेली, पायगुण बरा नाही. अपत्य गमावलेल्या आई-बापांसाठी भाषेत शब्दच नाही असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. मूल न जगणाऱ्या स्त्रीसाठी संस्कृतातून आलेला मृतवत्सा हा शब्द आहे. तो फक्त आईला लागतो, बापाला नाही, आणि त्याला सहानुभूतीपेक्षा अशुभाचा वास अधिक आहे. प्रत्यक्षात नवजात बाळं दगावतात ती मुख्यतः दिवस पूर्ण होण्याआधी जन्मल्याने, जन्मताना श्वास कोंडल्याने, जंतुसंसर्गाने किंवा जन्मजात दोषांमुळे. पोटात बाळ जातं त्यामागे वाढलेला रक्तदाब, वार वेळेआधी सुटणं, बाळाची खुंटलेली वाढ, संसर्ग, अडलेलं बाळंतपण अशी कारणं असतात. जगातले चाळीस टक्क्यांहून अधिक उपजत मृत्यू प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावर होतात, म्हणजे तिथे प्रश्न बाईच्या खाण्यापिण्याचा नसून वेळेवर मिळालेल्या किंवा न मिळालेल्या उपचाराचा असतो. म्हणून डॉक्टरने कारण सांगणं हेसुद्धा सांत्वनच आहे, आणि ते आईला, बापाला आणि सासूला एकत्र बसवून, मराठीत सांगायला हवं. नक्की कारण कळलं नसेल तर तेही सांगावं, आणि सोबत एक वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असं उच्चारावं: यात हिची चूक नाही. डॉक्टरच्या तोंडचं हे वाक्य त्या घरात वर्षानुवर्षं कामी येतं.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो वजनदार आहे. आईला बाळ दाखवावं का? घरची मंडळी म्हणतात नको, ती कोसळेल. 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने या भीतीला बळ दिलं होतं. पॅट्रिशिया ह्यूज आणि सहकाऱ्यांनी उपजत मृत्यूनंतर पुन्हा गरोदर राहिलेल्या 65 बायांना तपासलं. बाळ हातात घेतलेल्यांपैकी 39 टक्के खिन्नतेने ग्रासलेल्या होत्या, तर बाळ न पाहिलेल्यांपैकी फक्त 6 टक्के. त्याआधी 1996 साली स्वीडनमध्ये तीनशेहून अधिक आयांच्या पाहणीत वेगळंच दिसलं होतं. ज्यांना हवा तितका वेळ बाळाजवळ राहू दिलं नाही, ज्यांच्याकडे बाळाची एकही आठवण उरली नाही, त्यांच्यात काही वर्षांनीही घबराट अधिक होती. वरवर पाहता हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. माझ्या वाचनाप्रमाणे त्यांच्यातून निघतो तो धडा 'दाखवा' किंवा 'दाखवू नका' असा नाही. ह्यूज यांचा अभ्यास लहान होता, आणि कुणी स्वतःहून बाळ घेतलं आणि कुणाला घ्यायला लावलं हा फरक त्याच्या आकड्यांतून उलगडत नाही. स्वीडनमध्ये त्रास झाला तो इच्छा असून अडवलं गेलेल्यांना. तेव्हा आईला विचारावं. बाळ कसं दिसतंय, अंग गार आहे, रंग बदललाय, हे आधी सांगून विचारावं. ती नाही म्हणाली तर तासाभराने एकदा पुन्हा विचारावं आणि मग तिचं उत्तर मान्य करावं. आपल्याकडे हा निर्णय बहुधा पुरुष किंवा सासू घेते, तोही आई गुंगीत असताना, आणि हा निर्णय नंतर फिरवता येत नाही.

जिल्ह्याच्या भूगोलामुळे हे आणखी अवघड होतं. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीतल्या आदिवासी गावांपासून मोठा दवाखाना दूर आहे. बाळ अत्यवस्थ झालं की ते अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवलं जातं. अशा वेळी अनेकदा आई टाके पडून खामगावला किंवा बुलढाण्याला पलंगावर असते आणि बाळासोबत बाप आणि आजी गेलेली असते. बाळ तिकडेच दगावलं तर ते परस्पर गावी नेऊन पुरलं जातं. आईला 'बाळ काचेत आहे, बरं आहे' असं सांगत दोन दिवस काढले जातात आणि तिला खरं कळतं ते कुणाच्या तरी चेहऱ्यावरून. यात बदल करायला इमारत लागत नाही. बापाने आईला स्वतः सांगावं, त्यासाठी वाहन एकदा आईच्या दवाखान्यावरून यावं, शक्य नसेल तर निदान तिची परवानगी घेऊन बाळाचा एक फोटो फोनमध्ये ठेवावा. परिचारिकांना वेळ नसतो हे खरं आहे. पण बाळ गेलेल्या बाईचा पलंग इतर बाळंतिणींपासून दूर हलवायला, आणि केसपेपरवर ठळक खूण करायला, जेणेकरून पुढच्या पाळीची ताई 'बाळ कुठंय?' असं विचारणार नाही, फार वेळ लागत नाही.

घरी आल्यावर शासन येतं ते चौकशीसाठी. 2014 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक बालमृत्यूचं अन्वेषण व्हायचं असतं, म्हणून आरोग्य कर्मचारी घरी येऊन कधी ताप आला, कधी दूध सोडलं, दवाखान्यात किती वाजता पोहोचलात, असे प्रश्न विचारतात. ही माहिती पुढची बाळं वाचवायला लागतेच. पण दोषाच्या सावलीत बसलेल्या आईला ती उलटतपासणी वाटते. आशाताईच्या सहा भेटींचा तक्ताही बाळाच्या वजन-तापाभोवती रचलेला असल्याने बाळच नसेल तर तिचं त्या घरी जायचं कारणच उरत नाही. त्या भेटी आईसाठी चालू ठेवणं ही या लेखातली सर्वांत व्यवहार्य सूचना आहे, आणि आशाताईंना हे जमेल का या शंकेला उत्तर आपल्याच विभागात आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत राज्याने प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात बुलढाणा आहे, आणि त्यात घरोघरी जाऊन मनाचा ताण ओळखण्याचं काम आशाताईंनीच केलं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाच्या उपक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केलं, तेव्हा खिन्नतेने आजारी असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्य सेविकांनी खिन्न गरोदर बायांशी ठरावीक पद्धतीने बोलणं सुरू ठेवलं. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्या गटातल्या 23 टक्के बाया आजारी उरल्या, नुसत्या भेटी मिळालेल्या गटातल्या 53 टक्के. हा अभ्यास बाळ गमावलेल्यांपुरता नव्हता, पण गावातली शिकवलेली बाई काय करू शकते हे त्याने दाखवलं आहे.

कायदा या आई-बापांना अगदीच विसरलेला नाही. अठ्ठावीस आठवड्यांनंतरचा उपजत मृत्यू नोंदवावा लागतो, तोही 21 दिवसांत. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने 'मूल' या शब्दाच्या व्याख्येतच मृत जन्मलेलं मूल धरलं, आणि गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. केंद्र सरकारने 2022 साली बाळ जन्मताना किंवा लगेच गेलं तर आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 60 दिवसांची विशेष रजा दिली. पण चिखली-देऊळगाव राजाकडच्या रोजाने निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला रजा कोण देणार? तिच्यासाठी दुखवटा हीच एकमेव रजा आहे. तेरा दिवस तिला कुणी कामाला बोलवत नाही, चूल दुसरं कुणी पाहतं, आणि तिने बसून राहणं रास्त मानलं जातं. बाळाच्या मृत्यूला दुखवटा नाकारताना आपण तिच्या हातून ही रजासुद्धा काढून घेतो.

शास्त्रात नाही, असं यावर कुणी म्हणेल. दात येण्याआधी मूल गेलं तर स्नानाने शुद्धी होते असं धर्मशास्त्र सांगतं, ते बरोबर आहे. पण तो नियम शुद्धीचा आहे. सूतक किती दिवस पाळायचं हे तो सांगतो, शेजाऱ्याने भाकरी नेऊ नये असं नाही. दुखवटा ही लोकरीत आहे आणि लोकरीत लोकांना वाढवता येते. या जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेल्या बौद्ध घरांना किसा गोतमीची कथा माहीत आहे. मेलेलं बाळ कडेवर घेऊन फिरणाऱ्या तिला बुद्धांनी ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आणायला सांगितलं. मरण कुणालाच चुकत नाही हा त्या कथेचा नेहमीचा अर्थ. पण तिला विसर असं सांगितलेलं नाही, एकांतात बसायलाही सांगितलेलं नाही. बाळ कडेवर असताना तिला दारोदार पाठवलं, आणि प्रत्येक दारात कुणीतरी थांबून तिच्याशी आपल्या गेलेल्या माणसाबद्दल बोललं.

आपल्याला उलट बाळ गेलेल्या आईच्या दारी जायचं आहे. काय बोलावं हे न सुचल्याने लोक जात नाहीत, म्हणून तेवढं सांगतो. 'बरं झालं लवकर गेलं', 'देवाला आवडलं', 'अजून वय आहे', 'एक तरी आहे ना' ही वाक्यं घरी ठेवून जावं. 'फार वाईट झालं' एवढं पुरतं. बाळ कुणासारखं होतं, नाव काय ठेवणार होता, हे विचारलं तर ती रडेल, आणि ते रडणं आपण आणलेलं नसतं. बापाशीही बोलावं. खड्डा त्याने खणलेला असतो आणि 'तू खचू नको' याखेरीज त्याच्या वाट्याला काही आलेलं नसतं. डबा न्यावा, मोठ्या लेकराला शाळेत सोडावं, एक वेळचं पाणी भरून द्यावं. तेराव्या दिवशी थांबू नये. सव्वा महिन्याला, बाळंतपणाची तारीख पुढे असेल तर त्या तारखेला, पुन्हा जावं. बहुतेकींचं दुःख अशा सोबतीत हळूहळू पेलण्याजोगं होतं. पण महिना-दीड महिना उलटूनही झोप नाही, अन्न जात नाही, जगून काय करू असं ती किंवा तो बोलतो, तर ते दुखवट्याच्या पलीकडचं आहे. तिथे डॉक्टर हवा, आणि टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं.

वर्ष-दीड वर्षाने ती पुन्हा गरोदर राहते आणि उपकेंद्रात कार्ड भरायला बसते. सिस्टर विचारतात, कितवी खेप? सोबत आलेली सासू पटकन म्हणते, पहिली. कार्डावर आधीच्या बाळंतपणांसाठी रकाना असतो, आणि मागच्या वेळी काय झालं हे या वेळच्या उपचारासाठी माहीत असणं फार गरजेचं असतं. सिस्टरने क्षणभर पेन थांबवून सुनेकडे पाहिलं आणि तिलाच विचारलं, तर ती बहुधा हळू आवाजात सांगते, दुसरी.